घास, पोट आणि मायचा वेळ

लहान मूल असलेल्या जवळपास प्रत्येक घरात एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातो: "लेकरू जेवतच नाही, काय करावं?" अंगणवाडीत वजन करताना, दवाखान्याच्या बाकड्यावर, लसीकरणाच्या दिवशी, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात. प्रत्येक आई तो विचारते आणि उत्तर द्यायला दहा जणी पुढे होतात.

शब्द तेच असले तरी प्रश्न मात्र दोन आहेत. पुण्यातल्या सोसायटीतली आई विचारते, तेव्हा घरात फळं, अंडी, पनीर सगळं असतं आणि मूल तोंड फिरवतं. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची माय विचारते, तेव्हा ती सकाळी आठला खुरपायला गेलेली असते, सांजच्याला परतलेली असते आणि दिवसभरात लेकराने काय खाल्लं हे तिला सासूच्या तोंडून कळलेलं असतं. हे प्रकरण मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. पण आधी पहिला सोडवावा लागतो, कारण गोरेगावातही तो आहेच.

१. भूक खरोखरच कमी होते

साधं गणित करून पाहू. समजा, बाळ जन्मलं तेव्हा २.८ किलोचं होतं. निरोगी बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. म्हणजे पाचव्या महिन्यात ५.६ किलो, पहिल्या वाढदिवसाला ८.४ किलो. एका वर्षात साडेपाच किलोंची भर. आता दुसरं वर्ष. या अख्ख्या वर्षात वजन वाढतं अडीच किलोंच्या आसपास.

वाढीचा वेग असा निम्म्याहून खाली येतो आणि वाढीसाठी लागणारी भूकही त्यामुळे उतरते. नेमक्या याच वेळी मूल चालायला लागलेलं असतं. कोंबडीमागे धावणं, पातेली पालथी घालणं, उंबरा ओलांडून पळणं ही कामं त्याला जेवणापेक्षा महत्त्वाची वाटतात. "आधी बरं खायचं, आता तोंडच फिरवतं," असं माय म्हणते. कुणी नजर लागली म्हणतं आणि मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या जातात. मायचं निरीक्षण चुकलेलं नसतं. मूल खरंच अंगाच्या मानाने कमी खात असतं, पण त्यात आजार नसतो.

दुसरी गोष्ट एका जेवणापुरती. अमेरिकेतल्या लिअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं सहा दिवस मोजलं. एकेका जेवणात मुलं कधी खूप खात, कधी अगदी थोडं. हा फरक सरासरी एक तृतीयांशाइतका होता. दिवसभराची बेरीज केल्यावर मात्र फरक दहा टक्क्यांच्या आसपासच निघाला. सकाळी न खाल्लेलं दुपारी भरून निघत होतं. म्हणून मुलाच्या खाण्याचा हिशेब ताटाला करू नये, दिवसाला करावा. आणि दिवसापेक्षाही महिन्याच्या वजनाला करावा, कारण तराजू घाबरत नाही आणि धीरही सोडत नाही.

२. आग्रहाचं काय करायचं?

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. लहानग्या नामदेवाने हट्ट धरून विठ्ठलाला नैवेद्य खायला लावला, ही कथा इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. आग्रह करून वाढणं ही आपल्याकडे प्रेमाची रीत आहे. पंगतीत ती शोभते. दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत मात्र तिचा उलटा परिणाम होतो. दोन्ही हात धरून, नाक दाबून किंवा मोबाइल पुढे ठेवून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण "भूक लागली" आणि "पोट भरलं" हे शरीराचे दोन इशारे मूल ऐकेनासं होतं. जेवणाची वेळ आली की त्याला झटापट आठवते.

यावर पोषणाच्या क्षेत्रात एक सोपी वाटणी सुचवली जाते. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ती मांडली: काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणून बाद करू नये. बहुतेक मुलांना एखादी चव आपलीशी व्हायला आठ-दहा वेळा ती जिभेवर यावी लागते. शेपूची भाजी पहिल्या घासाला कुणालाच आवडत नाही.

या वाटणीला एक अट मात्र आहे आणि ती शहरी पुस्तकांत बहुधा लिहिलेली नसते. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी १९२६ पासून काही वर्षं एक प्रयोग केला. नुकतं दूध सोडवलेल्या १५ बाळांसमोर तीसहून अधिक साधे पदार्थ ठेवले आणि त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. बाळं उत्तम वाढली. "मुलाला कळतं काय खायचं ते" असा या प्रयोगाचा अर्थ लोकांनी काढला. डेव्हिसबाईंनी स्वतः सांगितलेला मुद्दा वेगळा होता: पदार्थांची यादी मोठ्यांनी निवडली होती आणि त्यात एकही निकस पदार्थ नव्हता. ज्या घरात भाकर, चटणी आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा एवढंच समोर आहे, तिथे "मुलाला निवडू द्या" या सल्ल्याला अर्थ उरत नाही. मूल बिस्कीटच निवडेल आणि त्याचा दोष ना त्याच्याकडे, ना मायकडे.

काळजी कधी करायची, तेही इथेच सांगतो. लागोपाठ दोन महिने वजन वाढलं नाही. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला. दोन्ही पावलांवर सूज आली आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहिला. मूल अंगावरचं दूधही ओढेना. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर ते तीव्र कुपोषण समजतात. अंगणवाडीच्या रंगीत पट्टीवर हा भाग लाल असतो. यांतलं काहीही दिसलं, तर "खात नाही" ही तक्रार साधी राहत नाही. त्याच दिवशी अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना दाखवावं.

३. पहिले सहा महिने आणि उष्टावण

पहिल्या सहा महिन्यांचा नियम एका ओळीचा आहे: फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हे ऐकून आजीचा जीव कळवळतो. "तान्ह्याला तहान लागत नसंल का?" लागते, पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावं आणि पाण्याचा तांब्या मायच्या हातात द्यावा. बाळाला पाजलेल्या पाण्याने पोटातली दुधाची जागा अडते आणि त्यातून जुलाबाचे जंतूही शिरतात.

जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवण्याची रीत सोडून द्यायला हवी. मधात कधी कधी असे जीवाणू सुप्त राहतात, की वर्षाआतल्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते विष तयार करू शकतात. त्या पहिल्या तासात बाळाला हवं असतं ते आईचं चिकाचं दूध, घट्ट आणि पिवळसर. महाराष्ट्रात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निम्म्याहून थोडीच जास्त आहेत, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं.

आणि मग उष्टावण. मामाने सोन्याच्या अंगठीने खिरीचं बोट चाटवण्याचा हा सोहळा मुलगा असेल तर सहाव्या-आठव्या, मुलगी असेल तर पाचव्या-सातव्या महिन्यात करायची प्रथा आहे. आधुनिक वैद्यक जो काळ सांगतं, त्याच्या इतक्या जवळ आपली परंपरा आहे, याचा मला फार आनंद वाटतो. फक्त मुलीसाठी पाचवा महिना थोडा लवकर होतो; तिचाही सहावा पूर्ण होऊ द्यावा. खरी अडचण सोहळ्यानंतर येते. खीर चाटवली, फोटो काढले, आहेर झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नुसतं दूध किंवा वरणाचं पाणी. उष्टावणानंतर रोज जेवण सुरू व्हायचं असतं, हेच मागे राहतं.

घाई का, तर लोहासाठी. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. साठा संपला आणि वरून काही मिळालं नाही, की रक्त पांढुरकं होत जातं आणि रक्त कमी झालेल्या मुलाची भूकही मंदावते. म्हणजे "खात नाही म्हणून अशक्त" आणि "अशक्त म्हणून खात नाही" अशी दोन्ही टोकं जुळतात. वर उल्लेख केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. यासाठी या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध सरकारी यंत्रणेतून मिळतं. आशाताईंकडे ते मागून घ्यावं. घरात डाळ, पालेभाजी, अंडं, मांसाहारी घर असेल तर कलेजीचा मऊ तुकडा. वरणावर लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं. चहाने ते अडतं. वर्षाच्या मुलाला बशीत चहा आणि त्यात बुडवलेला टोस देणं आपल्याकडे घरोघरी चालतं. मायेपोटी चालणाऱ्या सवयींतली ही मला सगळ्यांत नुकसानीची वाटते.

४. पोट केवढं, गरज केवढी

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ.

लहान मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे २४० मिलिलिटर, साधारण दीड वाटी. तेही गच्च भरलं तर. म्हणून नऊ-दहा महिन्यांचं मूल एका बैठकीला पाऊण ते एक वाटी खाऊन थांबतं.

गरज किती? आईचं दूध चालू असलेल्या मुलाला वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५० किलोकॅलरी मिळाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

दहा महिन्यांचं बाळ घ्या. त्याला वरणाच्या वरचं निवळ पाणी आणि पातळ पेज दिली. अशा पातळ अन्नाच्या एका ग्रॅममध्ये, उदारपणे धरलं तरी, ०.३ किलोकॅलरी असते. ३०० किलोकॅलरींसाठी ते १००० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ लिटरभर प्यावं लागेल. तीन वेळा पोट तुडुंब भरलं तरी ७२० मिलिलिटरच जातात. बाळ पोट फुटेस्तोवर खाईल आणि तरीही उपाशी राहील.

तेच अन्न घट्ट केलं: मऊ मुगाची खिचडी किंवा वरणात कुस्करलेली भाकर, चमच्यातून ओघळणार नाही इतपत. ग्रॅममागे ०.८ किलोकॅलरी झाली, तर ३७५ ग्रॅम पुरे. तीन वेळा १२५ ग्रॅम, एकेक लहान वाटी. हे सहज जमण्यासारखं आहे. वरून एक चमचा तेल किंवा तूप घातलं की सुमारे ४० किलोकॅलरी आणखी मिळतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. दहा ग्रॅम शेंगदाण्याचा बारीक कूट घातला तर पन्नासेक किलोकॅलरी आणि वर प्रथिनं. कूटच घालावा; अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आत देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो.

"पचणार नाही" म्हणून पातळ देतात. पण दात नसलेलं बाळही हिरड्यांनी मऊ अन्न नीट चघळतं आणि सहा महिन्यांनंतर त्याचं पोट डाळ, भात, ज्वारी, तेल पचवतं. डाळ गाळून तिचं पाणी बाळाला आणि घट्ट डाळ मोठ्यांना, ही वाटणी आपल्या स्वयंपाकघरातून जायला हवी.

मग एकदाच भरपूर का देऊ नये? इथे हळदीच्या शेताचं उदाहरण गोरेगावकरांना पटेल. कोवळ्या गड्ड्याला आठवड्याचं पाणी एका दिवशी पाटाने सोडलं तर ते वाहून जातं आणि वाफा सडतो. ठिबकने थोडं थोडं, रोज दिलं तर मूळ धरतं. लहान पोटाचंही तसंच आहे. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये एक-दोन वेळा केळं, उकडलेला बटाटा किंवा लाडू, आणि अंगावरचं दूध चालूच.

वाटीत काय असावं हेही तितकंच महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना अन्नाचे आठ गट मानते: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-शेंगा-बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळं आणि हिरव्या पालेभाज्या, इतर फळं-भाज्या. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसातून निदान पाच गट जावेत. भाकर-वरण, पालक, दही, आणि अंगावरचं दूध मोजा. पाच झाले. गोरेगावच्या घरात हे अशक्य नाही. तरीही भारतात या वयाची, पुरेशी वेळा आणि पुरेसे गट खाणारी मुलं २०१९-२१च्या पाहणीत ११ टक्क्यांच्या आसपासच निघाली. तूर, मूग, ज्वारी, सोयाबीन पिकवणाऱ्या मुलखातही असं का व्हावं? पैसा हे एक उत्तर आहे. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये गोरेगावातल्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असं निवेदन सरकारला दिलं होतं. ज्या गावात माणसांवर ही पाळी येते, तिथे अंडं ही चैन ठरते. पण दुसरं उत्तरही तेवढंच मोठं आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

५. मायचा दिवस

ऑक्टोबर महिना. सोयाबीन सोंगणीला आलं आहे. समजा, घरात दहा महिन्यांचं लेकरू आहे. माय पाचला उठते. पाणी, झाडलोट, चूल, भाकरी, डबा. आठला बायांच्या टोळीबरोबर शेतावर. काम गुत्त्याने घेतलेलं, म्हणजे एकराच्या हिशेबाने. जितकं लवकर उरकेल तितके पैसे. अशा कामातून दुपारी घरी येऊन लेकराला पाजणं म्हणजे साऱ्या टोळीला थांबवणं. ती सहाला परतते. पुन्हा चूल.

आता लेकराचा दिवस. त्याला दिवसातून पाच वेळा खायला हवं: सात, दहा, एक, चार आणि संध्याकाळी सात. पाचांतल्या तीन वेळा माय घरात नाही. एका वेळी भरवायला किती वेळ लागतो? थोडं खातं, खेळतं, पुन्हा वळवावं लागतं. पंचवीस मिनिटं धरू. पाच गुणिले पंचवीस, म्हणजे १२५ मिनिटं. दोन तासांहून अधिक, तेही शिजवणं, वाटी-चमचा घासणं, हात-तोंड धुणं सोडून. हे दोन तास कुणाचे?

२०१९ साली झालेल्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसली, पुरुषांची ९७. मुलं-म्हातारी यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांची त्यात १३४, पुरुषांची ७६. शेतातली मजुरी यात नाही, ती वेगळी. बाईच्या दिवसात त्या दोन तासांची जागाच उरलेली नसते. "लेकराला दिवसातून पाच वेळा घट्ट अन्न भरवा" हा बरोबर सल्ला आहे आणि तो देणारा माणूस निघून गेल्यावर मायला तो अशक्य वाटतो.

ती नसताना भरवते कोण? आजी, जिला स्वतःला मोतीबिंदू असतो. किंवा आठ वर्षांची ताई, जी त्यासाठी शाळा बुडवते. लेकरू रडलं की हाताशी असेल ते दिलं जातं, म्हणजे बिस्कीट. पाच रुपयांच्या त्या पुड्याला चूल लागत नाही, भांडं लागत नाही, वेळ लागत नाही. म्हणून तो जिंकतो. दिवसभर अंगावर न ओढल्याने मायचं दूधही हळूहळू आटतं. त्यात सकाळी शिजवलेली खिचडी दुपारपर्यंत राहिली, तर उकाड्यात दोन-तीन तासांतच तिच्यात जंतू वाढतात.

वर्षातला सगळ्यांत वाईट काळ जून ते सप्टेंबर. पेरणी, खुरपणी, घरातलं धान्य तळाला, हातात पैसा नाही, आणि गढूळ पाण्याचे जुलाब. जुलाब झाले की खाणं बंद करायचं, हा समज अजून गेलेला नाही. उलट करायला हवं: जलसंजीवनी, जस्ताच्या गोळ्या १४ दिवस, अंगावरचं दूध आणि जेवण चालूच, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. बुडालेलं वजन भरून काढायला हे जास्तीचं जेवण लागतं. माय मात्र तेव्हा खुरपायला गेलेली असते.

मायच्या अनुपस्थितीत टिकेल आणि कुणालाही देता येईल, असं अन्न घरात असणं हा एक उपाय आहे. तीन वाट्या ज्वारी किंवा गहू, एक वाटी मूगडाळ, वेगवेगळं भाजून दळून आणायचं. तीनास एक हे प्रमाण यासाठी, की धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढतं. हे पीठ कोरड्या डब्यात पंधरा दिवस टिकतं. उकळत्या पाण्यात किंवा दुधात चार चमचे टाकून शिजवलं, गूळ-तूप घातलं, की दहा मिनिटांत ताजं जेवण तयार होतं.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यात एक सुंदर भर घातली. गव्हाला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेल्या पिठात पिष्ट तोडणारं द्रव्य तयार झालेलं असतं. घट्ट लापशीत ते चमचाभर मिसळलं की ती काही मिनिटांत सैल होते, पाणी न घालता. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला गिळायलाही सोपं जातं. मोडासाठी गहू किंवा नाचणी घ्यावी. ज्वारीच्या कोंभात विषारी अंश असतो, म्हणून ज्वारीला मोड आणू नयेत, ती नुसती भाजावी.

पीठ मदत करतं, पण भरवणारं माणूस तरीही लागतं.

६. अंगणवाडी कुठे पुरते, कुठे नाही

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. आपल्याकडचं मेळघाटातलं धारणी त्यांतलं एक. आज गावोगाव अंगणवाडी आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस घरपोच आहार मिळायला हवा, असा नियम आहे. पाकीट घरी जातं आणि भूक लागलेल्या सगळ्या भावंडांत वाटलं जातं, यात कुणालाही आश्चर्य वाटू नये.

मराठवाड्याला या बाबतीत अभिमानाची एक गोष्ट सांगता येते. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली औरंगाबादहून सुरू झालं आणि नंतर राज्यभर गेलं. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे पहिले महासंचालक. रिकाम्या जागा भरा, प्रत्येक मुलाचं वजन करा, कुपोषित मूल सापडलं म्हणून सेविकेला शिक्षा करू नका, आणि पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, सगळी शक्ती लावा, हा त्याचा रोख होता. महाराष्ट्रात दोन वर्षांच्या आतल्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं. २०१२च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आलं. कुपोषण हटत नाही, असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. पुढे मात्र ती गती टिकली नाही: वयोगट वेगळा असला, तरी २०१९-२१मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांत खुजेपणाचं प्रमाण ३५ टक्के आढळलं.

अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास सांभाळते. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल, ज्याला भरवायला सर्वांत जास्त वेळ लागतो, ते मात्र पाकीट घेऊन घरीच राहतं. नेमकी हीच फट बुजवायची आहे. हे अशक्य नाही, हे इतरांनी दाखवलं आहे. बांधकाम मजूर बायकांच्या मुलांसाठी दिल्लीत १९६९ साली 'मोबाइल क्रेशेस'ने पाळणाघरं सुरू केली. छत्तीसगडमध्ये सरगुजा भागात 'फुलवारी' केंद्रं निघाली. गावातल्या आया पाळीपाळीने तीन वर्षांखालची मुलं सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा ताजं अन्न भरवतात. २००५च्या रोजगार हमी कायद्यानेही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, तर एका बाईला ती सांभाळण्याचं काम देऊन तिला मजुरी द्यावी, असं लिहून ठेवलं. मुलाला भरवणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे, हे देशाच्या कायद्याने मान्य केलं आहे.

तेव्हा "लेकरू जेवत नाही" म्हणणाऱ्या मायला पहिला प्रश्न "काय देता?" हा विचारू नये. "दुपारी कोण भरवतं?" हा विचारावा. घरातल्या बापाने, आजोबांनी, काकाने रोजची एक वाटी आपल्या अंगावर घ्यावी. हात धुऊन, मांडीवर घेऊन, पंचवीस मिनिटं. आणि सोंगणीच्या दीड-दोन महिन्यांसाठी गावात दहा-बारा लेकरांना सांभाळणारी, भरवणारी जागा हवी असेल, तर ती वेळेवर मागावी लागेल. अंगणवाडी किंवा समाजमंदिराची एक खोली, दोन बायांची मजुरी, भाजलेल्या पिठाचा डबा, अंडी आणि तेल, एवढाच तिचा खर्च आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, म्हणजे ऑक्टोबरच्या आत सोय होईल.